तिची भाषा शिकून घ्या

महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ 1998 साली स्थापन झाले आणि राज्यातल्या वैद्यकीय शिक्षणाची नाळ नाशिकशी जोडली गेली. दिंडोरी रस्त्यावर म्हसरूळला त्याचे मुख्यालय आहे. आडगावला डॉ. वसंतराव पवार वैद्यकीय महाविद्यालय आहे, घोटीजवळ धामणगावला एसएमबीटीचे आहे. त्यामुळे आपल्या ओळखीपाळखीत डॉक्टर होऊ घातलेला एखादा मुलगा किंवा मुलगी असतेच. एम.बी.बी.एस. संपत आले की घरात चर्चा सुरू होते, पुढे काय घ्यायचे? कुणी ‘गायनॅक’ म्हटले की आई म्हणते, ‘छान, बायाबापड्यांचा दुवा मिळेल.’ मामा म्हणतो, ‘रात्रीची झोप विसर.’ दोघेही खरेच बोलतात.

मी डॉक्टर नाही. बी.ए. झालेली, कविता लिहिणारी बाई आहे. पण प्रसूतिगृहाच्या खाटेवरून डॉक्टर कसा दिसतो ते मला ठाऊक आहे आणि शब्दांना वजन असते हेही ठाऊक आहे. त्या अनुभवावर चार गोष्टी सांगते.

आधी वाट समजून घेऊ. एम.बी.बी.एस. आणि वर्षभराची इंटर्नशिप झाली की नीट-पीजी ही परीक्षा द्यायची. गुणांनुसार जागा मिळाली की स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्राचे तीन वर्षांचे एम.एस. सुरू होते. हीच रेसिडेन्सी. शिकायचे, वॉर्ड सांभाळायचा आणि प्रबंधही लिहायचा. त्यातले तीन महिने आता जिल्हा पातळीवरच्या सरकारी आरोग्यसेवेत काढावे लागतात. जागा निवडताना नुसते शहराचे नाव पाहू नका. तिथे महिन्याला बाळंतपणे किती होतात, रक्तपेढी आवारातच आहे का, रात्री वरिष्ठ डॉक्टर हजर असतात का, हे तिथे शिकणाऱ्या मुलांना विचारा. वरिष्ठ पाठीशी उभे असतील तरच हात तयार होतो.

ही शाखा मिनिटांची आहे. पूर्ण दिवस भरलेल्या गर्भाशयातून मिनिटाला अर्धा लिटर किंवा त्याहूनही अधिक रक्त वाहत असते. बाळ आणि वार बाहेर पडल्यावर गर्भाशय आवळले, की उघड्या पडलेल्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात. ते सैल राहिले तर हसती बाळंतीण पाहता पाहता पांढरी पडते. अशा वेळी पोटावरून गर्भाशय चोळणे, ऑक्सिटोसिन देणे, रक्त मागवणे, वरिष्ठांना हाक मारणे हे सारे एकाच वेळी करावे लागते. म्हणून हाक मारायला लाजू नका. ‘मला जमत नाहीये, या,’ हे वाक्य वेळेवर उच्चारता येणे हीसुद्धा विद्याच आहे.

2018 ते 2020 या काळात देशात एक लाख जिवंत जन्मांमागे 97 मातांचे मृत्यू झाले, महाराष्ट्रात 33. आपले राज्य पुष्कळ पुढे आहे. पण हे आकडे सरासरीचे. सुरगाणा किंवा पेठच्या पाड्यावरून निघालेली बाई शहरातल्या रुग्णालयापर्यंत पोहोचते तेव्हा तिच्या मागे तीन प्रकारचे उशीर असू शकतात. घरात निर्णय व्हायला लागलेला, रस्त्यात आणि गाडी मिळण्यात गेलेला आणि रुग्णालयात उपचार सुरू होण्यात जाणारा. पहिले दोन निस्तरणे तुमच्या हाती नाही. तिसरा मात्र तुमचाच आहे. म्हणून दारात आलेल्या बाईवर ‘इतका उशीर का केला?’ म्हणून ओरडू नका. त्या निर्णयात बहुधा तिला कुणी विचारलेलेच नसते. ओरडा खाल्लेली बाई पुढच्या खेपेला आणखी उशिरा येते.

आता भाषेबद्दल. पुस्तकात ‘मासिक पाळी’ असते. समोरची बाई म्हणते ‘कावळा शिवला’, ‘अडचण आहे’, ‘बाहेर बसले’. दिवस गेले असतील तर मालेगावची बाई ‘पाँव भारी है’ म्हणेल. ‘अंगावरून पांढरं जातं’, ‘अंग बाहेर येतं’ असे ती खाली मान घालून, शेवटी, उठता उठता सांगते. तेच तिचे खरे दुखणे असते. हे शब्द ऐका, वहीत लिहून ठेवा. आणि प्रश्न बाईला विचारला असता उत्तर सासू देत असेल, तर सासूबाईंना अदबीने बाहेर बसवा.

ही मान खाली घालण्याची सवय किती खोल आहे, ते डॉ. राणी बंग यांनी दाखवून दिले. गडचिरोलीतल्या दोन गावांमधल्या 650 स्त्रियांची त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासणी केली. 92 टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार निघाले आणि त्याआधी कधी तपासणी झालेल्या होत्या फक्त 8 टक्के. 1989 साली ‘लॅन्सेट’मध्ये हे प्रसिद्ध झाले, तेव्हा बाळंतपणापलीकडेही बाईला शरीर असते याची जगाने दखल घेतली.

याची दुसरी बाजूही आहे. बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भपिशव्या कमी वयात काढल्या गेल्याचा प्रश्न 2019 मध्ये विधिमंडळात गाजला, चौकशी समिती नेमावी लागली. ‘पिशवी काढून टाका’ असे बाई स्वतः म्हणेल. तिला मजुरी बुडवायची नसते. पण औषधाने भागेल का, नंतर काय त्रास संभवतो, हे तिला कळेल अशा शब्दांत सांगणे तुमचे काम. नुसता अंगठा घेणे म्हणजे संमती नव्हे.

मुलांनी या शाखेत यावे का? जरूर यावे. गोव्यात शिरोड्याला जन्मलेले डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर पुरुषच होते. मधल्या महिन्यांत पुनःपुन्हा गर्भ पडणाऱ्या स्त्रियांसाठी गर्भाशयाच्या मुखाला टाका घालण्याची त्यांची पद्धत 1955 साली प्रसिद्ध झाली आणि आज जगभर ‘शिरोडकर टाका’ म्हणून ओळखली जाते. तपासताना पडदा असावा, शेजारी परिचारिका असावी, आणि हात लावण्याआधी ‘तपासतो हं, ताई’ एवढे म्हणावे. बाईला तेवढे पुरते.

शेवटचे सांगणे तुमच्या स्वतःबद्दल. 2023 च्या नियमावलीत निवासी डॉक्टरांसाठी कामाचे वाजवी तास, विश्रांती आणि आठवड्याची सुटी लिहिलेली आहे. निकड असली की ती बाजूला पडते, हे खरे. तरी मिळेल तेव्हा झोपा, वेळेवर जेवा, मन खचले तर मित्राशी बोला. दमलेल्या डॉक्टरच्या तोंडून पहिल्यांदा माया हरवते, मग हातातली अचूकता.

बाळंतपणानंतर डॉक्टरचे नाव बाई कदाचित विसरते. त्या रात्री तो काय बोलला, ते मात्र ती लेकीच्या बाळंतपणातही सांगत असते. ती काय सांगेल, ते तुमच्या हाती आहे.