बी.ए.ला पाली घेतली तर पोट भरेल का?

बारावीचा निकाल लागला की घरोघरी एकच चर्चा सुरू होते. मुलगी म्हणते, "पप्पा, मला पाली घ्यायची आहे, बौद्ध अध्ययन करायचे आहे." बाप रेल्वेत गँगमन, नाहीतर गवंड्याच्या हाताखाली. तो म्हणतो, "बाई, वंदना तर तुझ्या आजीलाही तोंडपाठ आहे. त्याच्यासाठी तीन वर्षे कॉलेजात कशाला घालवायची? नर्सिंग कर." पूर्णा असो, मानवत असो की जिंतूर, असा संवाद वाचकांनी आपल्याच घरात ऐकला असेल. बापाचे काही चुकत नाही. भाकरीचा प्रश्न त्याने विचारायचा नाही तर कोणी विचारायचा?

पण वंदना म्हणणे वेगळे आणि धर्माचा अभ्यास करणे वेगळे. एखादा ग्रंथ केव्हा तयार झाला, कोणी लिहून ठेवला, श्रीलंकेतला बौद्ध आणि तिबेटातला बौद्ध यांच्या आचारात इतका फरक का, इस्लाम, ख्रिस्ती, जैन आणि वैदिक धर्म याच प्रश्नांना काय उत्तर देतात, हे पुराव्यानिशी शोधणे म्हणजे अभ्यास. त्याला श्रद्धा लागत नाही आणि आडवीही येत नाही.

परमपूज्य बाबासाहेबांनी हेच केले. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात धर्मांतराची घोषणा झाली आणि नागपूरची दीक्षा झाली १४ ऑक्टोबर १९५६ ला. मधली एकवीस वर्षे ते जगातले धर्म तपासत होते. मे १९५० च्या 'महाबोधी' मासिकातल्या त्यांच्या लेखात बुद्ध, येशू, महंमद पैगंबर आणि कृष्ण या चौघांना शेजारी शेजारी ठेवून तुलना केलेली आहे. आणि या माणसाला शाळेत संस्कृत शिकू दिले नव्हते, पर्शियन घ्यावी लागली होती! संस्कृत ते पुढे स्वतःच शिकले. पालीचा कोश आणि व्याकरणही त्यांनी तयार केले. ते १९९८ साली महाराष्ट्र शासनाने त्यांच्या लेखन-भाषणांच्या सोळाव्या खंडात छापले.

पाली कॉलेजात आली कशी, ही कथाही आपल्या मुलांना सांगण्यासारखी आहे. गोव्यातल्या सांखवाळ गावी १८७६ साली जन्मलेल्या धर्मानंद कोसंबींना बुद्धाची ओळख झाली ती 'बालबोधमेवा' या मुलांच्या मासिकातून. हे मासिक चालवीत होते ख्रिस्ती मिशनचे लोक! एका धर्माच्या मासिकात दुसऱ्या धर्माचा महापुरुष भेटला आणि कोसंबी १८९९ साली घर सोडून निघाले. पुणे, काशी, नेपाळ आणि पुढे सिलोन असे ते भटकले. सिलोनला ते पाली शिकले. कलकत्त्यात शिकवू लागले, पण मन महाराष्ट्राकडे ओढत होते. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी दरमहा पन्नास रुपये देऊ केले, अट एवढीच की महाराष्ट्रातल्या कोणत्याही शहरात राहून काम करावे. कोसंबींनी ते पत्करले. मग भांडारकरांच्या मदतीने मुंबई विद्यापीठात पालीला जागा मिळाली आणि १९१२ पासून फर्ग्युसन कॉलेजात ते स्वतः पाली शिकवू लागले.

आपल्या मराठवाड्यात तेव्हा निजामाचे राज्य होते. परभणीच्या गरीब मुलाला कॉलेज म्हणजे स्वप्नच. १९५० साली बाबासाहेबांनी औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, कॉलेज काढले आणि पुढे त्याला मिलिंद हे नाव दिले. मिलिंद हा ग्रीक राजा. तो भन्ते नागसेनांना प्रश्नांमागून प्रश्न विचारतो आणि भन्ते रागावत नाहीत, उत्तर देतात. कॉलेजला देण्यासाठी याहून चांगले नाव कोणते असेल?

आणि अभ्यासाला परभणी जिल्हा काय कमी आहे? आपले विहार आहेत. शहरात हजरत तुराबुल हक यांचा दर्गा आहे. फेब्रुवारीत उरूस भरतो आणि सर्व जातिधर्मांची माणसे तिथे जातात. जिंतूरजवळ नेमगिरीला जैनांच्या गुंफा आहेत. गंगाखेड जनाबाईंचे गाव. उरुसात चादर कोण चढवतो, नेमगिरीला दर्शनाला कुठून लोक येतात, जनाबाईंच्या नावाने बायका काय गातात, हे एखाद्या मुलीने वही घेऊन चार सुट्ट्यांत टिपून घेतले तरी चांगला प्रबंध होईल.

कोणी विचारील, सरकारी अनुदानाच्या कॉलेजात धर्म कसा शिकवता येतो? घटनेचे कलम २८ सरकारी खर्चाच्या संस्थांत धर्माची शिकवण द्यायला मनाई करते. परंतु धर्मांविषयी माहिती देणे, अभ्यास करणे हे त्यात येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली स्पष्ट केले आहे.

आता भाकरी. खोटी आशा दाखवणे बरे नव्हे. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत पाली साहित्य हा वैकल्पिक विषय होता, तो २०१३ साली काढून टाकला. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीबरोबर पालीलाही अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, पण दर्जा मिळाला म्हणून उद्या नोकऱ्यांचा पाऊस पडत नाही. प्राध्यापक व्हायचे तर नेट परीक्षेत पाली आहे, बौद्ध-जैन-गांधी अध्ययन आहे, धर्मांचा तौलनिक अभ्यास हाही विषय आहे. जागा मात्र थोड्या. म्हणून माझे मत असे की ज्या घरात कमावता एकच आहे, तिथल्या मुलाने इतिहास, इंग्रजी किंवा समाजशास्त्र मुख्य धरावे आणि पाली मायनर घ्यावी. नव्या शैक्षणिक धोरणात तशी सोय आहे. ज्याला खरोखर ओढ आहे त्याने पुढे एम.ए.ला छत्रपती संभाजीनगर, पुणे, मुंबई किंवा नागपूरच्या विद्यापीठाचा पाली विभाग गाठावा. आणि केवळ गुण चांगले पडतात म्हणून बारावीला पाली घेणारे, परीक्षा झाली की पुस्तक रद्दीत घालणारे पुष्कळ आहेत. त्यांच्याविषयी न बोललेले बरे.

प्रवेशाआधी आईबापांनी कॉलेजात जाऊन दोन गोष्टी विचाराव्यात. हा विषय यंदा प्रत्यक्ष शिकवला जातो की नुसता माहितीपत्रकात छापला आहे? आणि शिकवणारे सर किंवा मॅडम कायम आहेत की तासिका तत्त्वावर? शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला जातीचा दाखला लागतो. १९९० च्या कायद्याने बौद्ध झालेल्या अनुसूचित जातींनाही केंद्राच्या सवलती लागू झाल्या आहेत, तेव्हा खिडकीवरचा कारकून काही वेगळे बोलला तर तिथून हलू नका.