पालकांचा बिघडलेला पतइतिहास आणि पाल्याचे शैक्षणिक कर्ज : स्वरूप, अडचणी व उपाय

गोषवारा :
उच्च शिक्षणाचा, विशेषतः व्यावसायिक अभ्यासक्रमांचा, खर्च भागविण्यासाठी मध्यम व अल्प उत्पन्न गटातील कुटुंबांना शैक्षणिक कर्जाचा आधार घ्यावा लागतो. या कर्जात पालक हे सहकर्जदार असतात. त्यामुळे पालकांच्या जुन्या थकबाकीचा परिणाम गुणवत्तेवर प्रवेश मिळविलेल्या विद्यार्थ्याच्या अर्जावर होतो. पतमाहितीची व्यवस्था कशी चालते, बिघडलेल्या पतइतिहासामुळे नेमकी अडचण कोठे निर्माण होते आणि कायदा, बँक व शासकीय योजनांच्या चौकटीत कोणते मार्ग उपलब्ध आहेत, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

बीजशब्द : शैक्षणिक कर्ज, पतमाहिती, पतगुणांक, सहकर्जदार, थकबाकी, जामीनदार.

१. प्रस्तावना

प्रवेश फेरीची यादी लागते, विद्यार्थ्याला अभियांत्रिकी किंवा परिचर्या महाविद्यालयात जागा मिळते आणि शुल्क भरण्यासाठी चार-पाच दिवसांची मुदत असते. पालक बँकेत जातात. तेथे 'तुमचा सिबिल खराब आहे' एवढेच एक वाक्य त्यांना ऐकविले जाते. अर्ज स्वीकारला गेला की नाही, नाकारला असल्यास कोणत्या कारणाने, याची लेखी नोंद अनेकदा त्यांच्या हाती पडत नाही. काही विद्यार्थी त्यानंतर प्रवेश रद्द करतात, काहींचे पालक सावकाराकडे वळतात, तर काही विद्यार्थी आपल्या प्राध्यापकांनाच जामीन राहण्याची विनंती करतात. म्हणूनच हा विषय केवळ बँकिंगचा राहत नाही, तो महाविद्यालयाच्या दारापर्यंत येऊन पोहोचतो.

२. पतमाहिती व्यवस्थेची पार्श्वभूमी

भारतात कर्जदारांची माहिती एकत्र ठेवणारी पहिली संस्था, क्रेडिट इन्फर्मेशन ब्युरो (इंडिया) लिमिटेड म्हणजेच सिबिल, २००० साली स्थापन झाली. पुढे पतमाहिती कंपन्या (विनियमन) अधिनियम, २००५ संमत झाला व या व्यवहाराला वैधानिक चौकट मिळाली. आज सिबिलसह इक्विफॅक्स, एक्सपीरियन व क्रिफ हाय मार्क अशा चार कंपन्या रिझर्व्ह बँकेच्या नियंत्रणाखाली कार्यरत आहेत. 'सिबिल' हे एका कंपनीचे नाव असले तरी बोलीभाषेत ते पतगुणांकाचे सामान्यनाम झाले आहे.

पतगुणांक ३०० ते ९०० या दरम्यान असतो. हप्त्यांची नियमितता, एकूण कर्जाचा भार, कर्जाचे प्रकार, कर्जखात्यांचे वय आणि अलीकडच्या काळात किती ठिकाणी कर्जासाठी अर्ज केले या बाबींवरून तो काढला जातो. मात्र बँक केवळ हा आकडा पाहत नाही. त्यामागील अहवालात प्रत्येक खात्यावर किती दिवस हप्ता थकला, खाते अनुत्पादक झाले का, तडजोडीने मिटविले का, की बँकेने ते निर्लेखित केले, या नोंदी असतात. मुद्दल वा व्याज ९० दिवसांपेक्षा अधिक काळ थकले की मुदत कर्जाचे खाते सामान्यतः अनुत्पादक ठरते. पीककर्जाच्या बाबतीत हे गणित पीकहंगामावर बेतलेले असते.

येथे दोन गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. पहिला असा, की पतइतिहास नसणे आणि तो बिघडलेला असणे या एकच गोष्टी आहेत. वस्तुतः ज्याने पूर्वी कर्जच घेतलेले नाही त्याचा अर्ज केवळ त्या कारणाने नाकारू नये, असे रिझर्व्ह बँकेचे जानेवारी २०२५ चे निर्देश आहेत. दुसरा गैरसमज असा, की ठरावीक गुणांकाखाली कर्ज देण्यास रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. अशी कोणतीही किमान मर्यादा रिझर्व्ह बँकेने घालून दिलेली नाही, हे केंद्र सरकारने ऑगस्ट २०२५ मध्ये लोकसभेत स्पष्ट केले. गुणांकाची अट ही त्या त्या बँकेच्या धोरणाची बाब आहे.

३. शैक्षणिक कर्जाची रचना आणि पालकांचे स्थान

भारतीय बँक संघाने तयार केलेली आदर्श शैक्षणिक कर्ज योजना रिझर्व्ह बँकेने एप्रिल २००१ मध्ये बँकांकडे पाठविली. पुढे तिच्यात वेळोवेळी सुधारणा झाल्या. या योजनेनुसार ४ लाख रुपयांपर्यंतच्या कर्जास तारण वा स्वभागाची अट नाही. पालक मात्र सहकर्जदार असतात. ४ लाखांहून अधिक कर्जास देशांतर्गत शिक्षणासाठी ५ टक्के स्वभाग अपेक्षित असतो. २०१५ साली केंद्र सरकारने शैक्षणिक कर्जासाठी पतहमी निधी योजना सुरू केली. तिच्यात सहभागी बँका ७.५ लाखांपर्यंतचे कर्ज तारण व त्रयस्थ जामिनाशिवाय देऊ शकतात व कर्ज बुडाल्यास थकीत रकमेच्या ७५ टक्क्यांपर्यंत हमी मिळते. त्यापुढील रकमेस सामान्यतः स्थावर वा अन्य मूर्त तारण मागितले जाते. परतफेड अभ्यासक्रम संपल्यानंतर एक वर्षाने सुरू होते व ती कमाल १५ वर्षांत करावयाची असते.

या रचनेत एक विसंगती आहे. योजनेचा पाया विद्यार्थ्याची भावी कमाई हा आहे. तपासणी मात्र पालकांच्या भूतकाळाची होते. उदाहरणादाखल, कापूस पिकविणाऱ्या एखाद्या शेतकऱ्याचे पीककर्ज दोन नापिकीच्या हंगामांत थकले, किंवा त्याने नातेवाइकाच्या वाहनकर्जाला जामीन राहून सही केली आणि त्या नातेवाइकाने हप्ते बुडविले, असे समजू. दोन्ही प्रसंगी नोंद त्याच्या नावावर येते. मुलीच्या शिक्षणाशी या व्यवहारांचा काहीही संबंध नसतो. तरीही सहकर्जदार म्हणून तोच पुढे येत असल्याने तिचा अर्ज अडतो.

बँकेची बाजूही समजून घेतली पाहिजे. तारणाशिवाय दिलेले कर्ज वसूल होण्याची शाश्वती कमी असते आणि विद्यार्थ्याला नोकरी मिळेपर्यंत बँकेला पालकांचाच आधार वाटतो. त्यामुळे प्रश्न बँकेने तपासणी करावी की नाही असा नसून, त्या तपासणीला किती वजन द्यावे असा आहे.

४. न्यायालयीन भूमिका

या प्रश्नावर केरळ उच्च न्यायालयाचे निर्णय उल्लेखनीय आहेत. पालकांचा पतगुणांक समाधानकारक नाही हे शैक्षणिक कर्ज नाकारण्याचे कारण होऊ शकत नाही, कारण शिक्षणानंतरची विद्यार्थ्याची परतफेडीची क्षमता हा निर्णायक घटक असावा, अशी भूमिका या न्यायालयाने २०२० मध्ये घेतली. मे २०२३ मध्ये न्या. पी. व्ही. कुन्हीकृष्णन यांनी खुद्द विद्यार्थ्याचाच गुणांक कमी असलेल्या प्रकरणात शैक्षणिक कर्जाचा अर्ज केवळ त्या कारणाने नाकारू नये असे मत नोंदविले व रक्कम वितरित करण्याचा आदेश दिला.

या निर्णयांचा अर्थ मर्यादेनेच घ्यावा लागतो. ते महाराष्ट्रातील न्यायालयांवर बंधनकारक नाहीत, त्यांचे मूल्य मार्गदर्शक स्वरूपाचे आहे. शिवाय प्रत्येक प्रकरणाची वस्तुस्थिती वेगळी असते. तथापि, सार्वजनिक क्षेत्रातील बँकेला लेखी अर्ज देताना या भूमिकेचा दाखला निश्चितच देता येतो.

५. पालकांनी करावयाची कार्यवाही

अ) अहवाल मिळविणे : प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळण्याचा हक्क २०१७ पासून आहे. चारही अहवाल पाहणे इष्ट, कारण त्यांतील नोंदी एकसारख्या असतीलच असे नाही. स्वतःचा अहवाल पाहिल्याने गुणांक घटत नाही. मात्र एकाच वेळी अनेक बँकांत अर्ज केल्यास प्रत्येक चौकशीची नोंद होते. हे काम पाल्य अकरावीत असतानाच करावे. प्रवेशाच्या आठवड्यात दुरुस्तीला वेळ उरत नाही.

आ) चुकीच्या नोंदीची दुरुस्ती : फेडलेले कर्ज थकीत दिसणे, दुसऱ्याच व्यक्तीचे खाते आपल्या नावावर येणे, कर्जमाफीनंतरही खाते अद्ययावत न होणे असे दोष आढळतात. अशी तक्रार ३० दिवसांत निकाली न निघाल्यास त्यापुढील प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई देण्याची तरतूद एप्रिल २०२४ पासून लागू आहे. त्यानंतरही दाद न मिळाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते.

इ) खरी थकबाकी मिटविणे : एकरकमी तडजोडीत बँक काही रक्कम सोडते, परंतु अहवालात खाते 'तडजोडीने मिटविलेले' असे दिसते व पुढील बँक त्याकडे साशंकतेने पाहते. शक्य असल्यास संपूर्ण रक्कम भरून खाते बंद करावे. बेबाकी दाखला घ्यावा व महिन्याभराने अहवाल पुन्हा तपासावा. खरी नोंद पुसून देण्याचे आश्वासन देणाऱ्या मध्यस्थांपासून दूर राहावे. सत्य असलेली नोंद शुल्क घेऊन काढून टाकण्याचा अधिकार कोणालाही नाही.

ई) सहकर्जदाराचा पर्याय : वडिलांचा इतिहास बिघडलेला असल्यास आईला सहकर्जदार करता येईल का, हे प्रथम विचारावे. अनेक बँका भाऊ, बहीण, काका, मामा, आजोबा अशा उत्पन्न असलेल्या नातेवाइकांचाही विचार करतात. मुदत ठेव किंवा विम्याची पॉलिसी तारण देण्याची तयारी असल्यास बँकेची भूमिका बदलू शकते.

उ) लेखी अर्ज व लेखी उत्तर : थकबाकीचे कारण, ते दूर झाल्याचा पुरावा, विद्यार्थ्याची गुणपत्रके व संस्थेतील नोकरीच्या संधींची माहिती जोडून अर्ज द्यावा. आदर्श योजनेनुसार अर्ज नाकारताना शाखाधिकाऱ्याने वरिष्ठ अधिकाऱ्याची संमती घेणे अपेक्षित आहे. म्हणून तोंडी नकारावर थांबू नये. विद्यालक्ष्मी या २०१५ साली सुरू झालेल्या संकेतस्थळावरून अर्ज केल्यास त्याची नोंद राहते.

६. कर्जाची गरज कमी करणे

पतइतिहास बिघडलेल्या कुटुंबाने कर्ज मिळविण्याआधी कर्जाची रक्कम कमी कशी होईल हे पाहणे हिताचे असते. महाराष्ट्रात राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना, अनुसूचित जातींसाठीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती व डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना उपलब्ध आहेत. २०२४-२५ पासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि इतर मागास वर्गातील, ८ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतील व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षण व परीक्षा शुल्कात १०० टक्के सवलत आहे. या योजनांमध्ये पालकांचा पतगुणांक विचारला जात नाही.

केंद्राच्या नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या प्रधानमंत्री विद्यालक्ष्मी योजनेत निवडक दर्जेदार संस्थांतील विद्यार्थ्यांना तारण व जामीनदाराशिवाय कर्ज मिळते. सुरुवातीला अशा संस्थांची संख्या ८६० होती. ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या व अन्य शासकीय शिष्यवृत्ती वा व्याज सवलत न घेणाऱ्या पात्र विद्यार्थ्यांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर स्थगिती काळात ३ टक्के व्याज सवलतही आहे. तथापि, जामीनदार नको म्हणजे सहकर्जदारही नको, असा अर्थ काढू नये.

७. महाग कर्जाचा धोका

बँकेने नाकारल्यानंतर काही कुटुंबे बिगरबँक वित्तीय कंपन्यांकडे जातात. त्या पतइतिहासाबाबत काहीशा लवचीक असल्या तरी व्याजदर चढा असू शकतो. एका काल्पनिक उदाहरणाने फरक स्पष्ट होईल. चार वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी दरवर्षाच्या प्रारंभी दीड लाख याप्रमाणे ६ लाखांचे कर्ज घेतले व पाचव्या वर्षाअखेर परतफेड सुरू झाली असे मानू. सरळव्याजाने १० टक्के दराने तोपर्यंत २ लाख १० हजार, तर १३ टक्के दराने २ लाख ७३ हजार रुपये व्याज साचते. ते मुद्दलात मिळवून दहा वर्षांत फेडल्यास मासिक हप्ता अनुक्रमे सुमारे १०,७०४ व १३,०३५ रुपये येतो. दहा वर्षांत हा फरक सुमारे २ लाख ८० हजारांवर जातो. शिवाय हे कर्ज विद्यार्थ्याच्याही नावावर असते. हप्ता झेपला नाही तर पालकांचा बिघडलेला पतइतिहास पुढच्या पिढीकडे वारशाने जातो.

८. महाविद्यालयाची भूमिका

शुल्करचनेचा तपशील व बोनाफाईड दाखला त्याच दिवशी देणे, कर्ज मंजुरीचे पत्र दाखविणाऱ्यास शुल्काचे हप्ते बांधून देणे, आणि प्रथम वर्षाच्या प्रवेशापूर्वी पालकांसाठी पतअहवाल वाचनाचे एक सत्र घेणे, एवढे कोणत्याही महाविद्यालयाला सहज करता येईल. प्राध्यापकाने विद्यार्थ्यास जामीन राहणे ही वैयक्तिक बाब आहे. मात्र ते कर्ज थकल्यास नोंद प्राध्यापकाच्याही अहवालात येते व त्याच्या स्वतःच्या पाल्याच्या कर्जाच्या वेळी तीच समोर उभी राहते, याची जाणीव ठेवूनच सही करावी.

९. समारोप

पालकांचा बिघडलेला पतइतिहास हा शैक्षणिक कर्जातील खरा अडथळा असला तरी तो अंतिम नकार नव्हे. अहवालाची वेळेवर तपासणी, चुकीच्या नोंदीची दुरुस्ती, योग्य सहकर्जदाराची निवड, शिष्यवृत्तीचा पूर्ण लाभ आणि लेखी पाठपुरावा या पाच गोष्टींनी अनेक अर्ज मार्गी लागू शकतात. धोरणाच्या पातळीवर मात्र शैक्षणिक कर्जात विद्यार्थ्याची गुणवत्ता व संस्थेचा दर्जा यांना पालकांच्या गुणांकापेक्षा अधिक वजन देणारा स्पष्ट निकष ठरविण्याची गरज आहे. तो ठरेपर्यंत पालकांना वेळीच योग्य माहिती देणे ही जबाबदारी मुख्यत्वे महाविद्यालयांवर येते.