पन्नास सेंट आणि दहा हजार डॉलर
शहरातली घरं, पडद्यावरची माणसं : भाग ६

मागच्या आठवड्यात आपण 'महानगर'मधलं कलकत्त्याचं घर पाहिलं. आज शिकागोच्या साउथ साइडला जायचं आहे. 'अ रेझिन इन द सन' हा डॅनिअल पेट्री यांनी दिग्दर्शित केलेला १९६१चा चित्रपट. मूळ नाटक लॉरेन हॅन्सबेरी यांचं, पटकथाही त्यांचीच. १९५९मध्ये हे नाटक ब्रॉडवेवर आलं तेव्हा त्या अठ्ठावीस वर्षांच्या होत्या. त्याआधी ब्रॉडवेवर एकाही कृष्णवर्णीय लेखिकेचं नाटक झालेलं नव्हतं.

सकाळची घाई. यंगर कुटुंबातल्या तीन पिढ्या एका अंधाऱ्या, भाड्याच्या जागेत राहतात. नातू ट्रॅव्हिस बाहेरच्या खोलीत सोफ्यावर झोपतो. बाथरूम शेजाऱ्यांत सामायिक, म्हणून त्यांच्याआधी नंबर लागावा यासाठी त्याची आई रूथ पोराला हलवून हलवून उठवते. चाळीत वाढलेल्यांना ही धावपळ समजावून सांगायला नको. शाळेत न्यायला पोरगा पन्नास सेंट मागतो. नाहीत, म्हणते रूथ. बाप वॉल्टर ली खिशात हात घालून पन्नास सेंट काढून देतो, वर आणखी पन्नास देतो. पोरगा खूश होऊन जातो. आणि थोड्या वेळाने कामावर जायच्या भाड्यासाठी वॉल्टरला रूथपुढेच हात पसरावा लागतो. सिडनी प्वाटिए आणि रूबी डी यांचा हा प्रसंग मी पुन्हा पुन्हा पाहतो. दुसऱ्याची मोटार चालवणाऱ्या माणसाला आपल्या मुलासमोर 'नाही' म्हणायचं नाही. बायको मात्र घरातलं नाणं न् नाणं ओळखून आहे. सगळा संघर्ष या काही मिनिटांत मांडून झालेला असतो.

मग येतो दहा हजार डॉलरचा चेक, वॉल्टरच्या वडिलांच्या विम्याचा. आई लीना साडेतीन हजार भरून गोऱ्यांच्या वस्तीत घर घेते. उरलेले साडेसहा हजार ती वॉल्टरच्या हाती देते. त्यातले तीन हजार बहीण बेनीथाच्या डॉक्टरकीच्या शिक्षणासाठी बँकेत टाकायचे, बाकीचं त्याने बघावं. वॉल्टर सगळेच्या सगळे दारूच्या दुकानाच्या भागीदारीत घालतो आणि भागीदार पैसे घेऊन पसार होतो. त्या पैशांत नवऱ्याचं आयुष्य गेलंय हे आईला माहीत असतं. आईच्या भूमिकेतल्या क्लॉडिया मॅकनील यांचा हात मुलावर उठतो, तेव्हा आपल्यालाही त्यांना थांबवावंसं वाटत नाही.

पण घर गोऱ्यांच्या वस्तीतच का? इथे थोडा इतिहास लागतो. दक्षिणेकडची राज्यं सोडून लाखो कृष्णवर्णीय शिकागोत आले, आणि शहराने त्यांना एका पट्ट्यात कोंडलं. गोरे घरमालक आपसांत करार करत की घर कृष्णवर्णीयाला विकायचं नाही, भाड्यानेही द्यायचं नाही. मग त्या पट्ट्यात मोठ्या घरांचे तुकडे पाडून एकेका खोलीला भरमसाट भाडं लावलं जाई. माणसं जास्त, जागा कमी आणि बाहेर पडायला वाट नाही, त्यामुळे पडक्या घरालाही भाव येई. आईचं म्हणणं साधं आहे: कृष्णवर्णीयांसाठी लांब कुठेतरी बांधलेली घरं दुप्पट महाग पडतात. तिला क्रांती करायची नाही, परवडेल ते घर हवं आहे.

हॅन्सबेरींनी हे लहानपणी भोगलं होतं. त्यांच्या वडिलांनी १९३७मध्ये अशाच वस्तीत घर घेतलं. जमाव घरावर चालून आला, त्यातल्या कुणीतरी भिरकावलेला दगड लॉरेनला लागता लागता राहिला. आई रात्रभर पिस्तूल घेऊन घरात पहारा द्यायची. अशाच करारावरून झालेला खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९४०मध्ये निकाल वडिलांच्या बाजूने लागला, पण तांत्रिक मुद्द्यावर. असे करार न्यायालयांनी अमलात आणू नयेत, हे ठरायला १९४८ उजाडावं लागलं.

पटकथा लिहिताना हॅन्सबेरींना हे सगळं शहर पडद्यावर आणायचं होतं. आई साउथ साइडच्या दुकानात जाते, तिथली सफरचंदं वाईट आणि वर महाग, म्हणून चांगल्या मालासाठी ती लांबच्या बाजारात जाते, असे प्रसंग त्यांनी नव्याने लिहिले होते. कोलंबिया पिक्चर्सला ते नको होते. मूळ नाटक बरंचसं राहिलं, नवं लेखन बरंचसं गळलं. कॅमेरा मधूनच बारमध्ये, नव्या घरापाशी जातो आणि परत त्याच भिंतींत येतो. नाटकाचंच चित्रण केलंय, अशी टीका झाली. मला मात्र ती कोंडी इथे शोभते असं वाटतं. खंत आहे ती सफरचंदांची. तो प्रसंग असता तर यंगर कुटुंबाचा पैसा कुठे झिरपतो हे प्रेक्षकाला कुणी न सांगता कळलं असतं.

शेवटी वस्तीचा प्रतिनिधी लिंडनर येतो. जॉन फीडलर यांनी तो इतका सौम्य, अवघडलेला रंगवलाय की अंगावर काटा येतो. तुम्ही येऊ नका, आम्ही घर जास्त पैसे देऊन परत घेतो, हा त्याचा प्रस्ताव. पैसे बुडाल्यावर वॉल्टर तो स्वीकारायला निघतो; आई मुद्दाम ट्रॅव्हिसला खोलीत थांबवून घेते, आणि मुलासमोर वॉल्टरला ते जमत नाही. सामान बाहेर निघतं. याला सुखान्त म्हणणाऱ्यांना हॅन्सबेरींचं उत्तर होतं की यंगर जिथे राहायला चाललेत तिथे जरा राहून बघा. आधीच्या एका खर्ड्यात तर नव्या घरात अंधारात शस्त्रं घेऊन हल्ल्याची वाट बघणारं कुटुंब होतं.

पुढच्या भागात रोम, चोरीला गेलेली सायकल आणि व्हित्तोरियो दे सिका.