शेजारच्या भाड्याच्या घरातील उपद्रव : हक्क, मर्यादा आणि मार्ग

औद्योगिक वसाहती, महाविद्यालये आणि बाजारपेठा यांच्या वाढीबरोबर तालुक्याच्या गावांतूनही भाड्याच्या घरांची संख्या वाढली आहे. घराचा मालक अनेकदा नोकरीनिमित्त दूरच्या शहरी राहतो. भाडे त्याला महिन्याच्या महिन्याला पोहोचते. मात्र त्या घरातील रात्री उशिरापर्यंतचा ध्वनिवर्धक, मद्यपानानंतरची भांडणे, रस्त्यावर सोडलेले सांडपाणी यांचा ताप भिंतीपलीकडच्या कुटुंबाला सोसावा लागतो. त्या कुटुंबात परीक्षेस बसणारा विद्यार्थी किंवा अंथरुणास खिळलेले वृद्ध असतील, तर हा प्रश्न केवळ गैरसोयीचा राहत नाही.

अशा वेळी ‘त्या भाडेकरूंना येथून घालवा’ अशी मागणी सरपंचांकडे किंवा पोलीस ठाण्याकडे येते. ही मागणी मान्य करण्याचा अधिकार या दोहोंनाही नाही. भाडेकरूला घराबाहेर काढण्याचा निर्णय कायद्याने नेमलेल्या न्यायालयाने किंवा प्राधिकाऱ्याने द्यावयाचा असतो. उपद्रव थांबविणे आणि घर खाली करविणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली शेजाऱ्याच्या हाती बऱ्याच अंशी आहे. दुसरीसाठी त्याला घरमालकाची साथ लागते.

प्रथम संवाद, मग नोंद

पुष्कळदा आपला त्रास होत आहे याची जाणीवच भाडेकरूला नसते. म्हणून पहिले पाऊल म्हणजे दिवसाउजेडी, शांतपणे केलेली समक्ष बोलणी. भांडण चालू असताना मध्यरात्री दार ठोठावणे टाळावे.

बोलण्याने भागले नाही, तर एक साधी वही घालावी. तीत दिनांक, वेळ, काय घडले, किती वेळ चालले आणि कोणी पाहिले, एवढेच लिहावे. ‘रोजच त्रास देतात’ या विधानापेक्षा ‘रात्री ११ वाजून २० मिनिटांपासून १ वाजेपर्यंत ध्वनिवर्धक’ ही नोंद कोणत्याही कार्यालयात अधिक वजनदार ठरते. आसपासच्या आणखी दोन-तीन कुटुंबांनी आपापल्या नोंदी ठेवल्यास तक्रार वैयक्तिक वैराची असल्याचा आक्षेप उरत नाही.

घरमालकाची जबाबदारी

यानंतर घरमालकास लेखी कळवावे आणि पत्राची पोच जपून ठेवावी. शेजारी आणि भाडेकरू यांच्यात कोणताही करार नसतो. तो मालक आणि भाडेकरू यांच्यात असतो. म्हणून मालकाचा शब्द भाडेकरूवर जितका चालतो, तितका इतर कोणाचा चालत नाही.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अंमलात आहे. भाडेकरूचे किंवा त्याच्यासोबत राहणाऱ्यांचे वर्तन लगतच्या अथवा शेजारच्या रहिवाशांना उपद्रवकारक ठरत असेल, तर कलम १६ प्रमाणे ते घराचा ताबा परत मागण्याचे एक कारण ठरते. दावा मालकाने दाखल करावयाचा असतो. उपद्रवाचा पुरावा मात्र शेजाऱ्यांकडेच असतो. वर सांगितलेली वही आणि न्यायालयात साक्ष देण्याची तयारी यांचे महत्त्व येथे कळून येते. साक्षीस कोणीच पुढे आले नाही, तर मालकाची इच्छा असूनही दावा टिकत नाही.

हा अधिनियम राज्यातील सर्वच गावांना लागू नाही. जेथे तो लागू नाही, तेथे मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ आणि उभयतांमधील करार यांनुसार मालकास कार्यवाही करता येते.

अलीकडे बहुतेक घरे ‘लिव्ह अँड लायसन्स’ करारावर दिली जातात. जेथे १९९९ चा अधिनियम लागू आहे, तेथे असा करार लेखी व नोंदणीकृत असावा लागतो आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. शेजाऱ्यांना उपद्रव न देण्याची अट करारात आरंभीच घातली, तर पुढचे अनेक वाद टळतात. मुदत संपल्यावर ताबा न सोडणाऱ्याविरुद्ध मालकास सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. मात्र पाणी किंवा वीज तोडून भाडेकरूस हुसकावण्याचा मार्ग मालकाने अवलंबू नये. अत्यावश्यक सेवा खंडित करण्यास कलम २९ प्रमाणे मनाई आहे. शेजाऱ्यांनीही मालकास तसा आग्रह धरू नये.

सहकारी गृहनिर्माण संस्थेत तक्रार संस्थेच्या समितीकडे लेखी द्यावी. सदनिका भाड्याने दिली असली, तरी उपविधींचे बंधन सभासदावर कायम राहते.

आवाजाची मर्यादा

ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० प्रमाणे निवासी क्षेत्रात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६ ही वेळ. या वेळेत उघड्यावर ध्वनिवर्धक वाजविण्यास मनाई आहे. राज्य शासनाने सवलत दिलेले मोजके दिवस तेवढे अपवाद. आपल्या घरातील आवाज दुसऱ्यावर लादण्याचा हक्क कोणासही नाही, ही भूमिका सर्वोच्च न्यायालयाने जुलै २००५ च्या निर्णयात स्पष्ट केली आहे. रात्रीच्या वेळी त्रास चालू असेल, तर ११२ या क्रमांकावर पोलिसांना कळवावे.

पोलीस आणि दंडाधिकारी

शिवीगाळ, धमकी किंवा मारहाण झाल्यास पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवावी. गुन्हा अदखलपात्र असला, तरी त्याची नोंद करून घेणे हे पोलिसांचे कर्तव्य आहे. तक्रारदाराने त्या नोंदीची प्रत मागून घ्यावी. शांतताभंगाची भीती असल्यास भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ च्या कलम १२६ खाली कार्यकारी दंडाधिकारी संबंधितांकडून शांतता राखण्याचे बंधपत्र घेऊ शकतात. सार्वजनिक रस्त्यावर सांडपाणी सोडणे किंवा वाट अडविणे यांसारखा उपद्रव दूर करविण्यासाठी कलम १५२ आहे. सांडपाणी व कचरा यांबाबत मात्र प्रथम ग्रामपंचायत किंवा नगरपरिषद यांच्याकडेच अर्ज द्यावा.

एवढे करूनही त्रास थांबत नसेल, तर पीडित शेजाऱ्यास दिवाणी न्यायालयातून मनाई हुकूम मागता येतो. त्यासाठी मालकाच्या संमतीची गरज नसते.

समेटाचा मार्ग

न्यायालयीन निकालास वेळ लागतो, आणि निकालानंतरही दोन्ही कुटुंबे कदाचित एकाच भिंतीच्या दोन बाजूंस राहणार असतात. म्हणून समेटाचे मोल मोठे आहे. १५ ऑगस्ट २००७ रोजी सुरू झालेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेची समिती ज्या गावांत क्रियाशील आहे, तेथे असा वाद तिच्यापुढे ठेवता येतो. तालुका विधी सेवा समितीमार्फत दावा दाखल होण्यापूर्वीही प्रकरण लोकअदालतीत नेता येते. तेथे झालेल्या तडजोडीच्या निवाड्यास दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचे बळ असते. बैठकीस मालकास अवश्य बोलवावे, आणि ठरलेल्या गोष्टी वेळ व कृती यांसह लिहून घ्याव्यात.

तक्रार कृत्याविरुद्ध असावी

सरपंच, शिक्षक आणि अधिकारी यांनी येथे एक पथ्य कटाक्षाने पाळावयास हवे. ‘परगावचे आहेत’, ‘अविवाहित मुले आहेत’, ‘अमुक जातीचे आहेत’, ‘त्यांचे जेवणखाण निराळे आहे’ ही तक्रारीची कारणे होऊ शकत नाहीत. आलेल्या प्रत्येक अर्जावर एकच प्रश्न विचारावा : कोणते कृत्य, कोणत्या दिवशी, किती वाजता घडले? ज्या अर्जात याचे उत्तर नाही, तो बहुधा उपद्रवाचा नसून पूर्वग्रहाचा असतो. ज्या अर्जात ते आहे, त्याची दखल विनाविलंब घेतली पाहिजे.

भाडेकरूस डोक्यावर छप्पर हवे असते आणि शेजाऱ्यास रात्रीची झोप. या दोन्ही गरजा न्याय्य आहेत. वही, पोच आणि समोरासमोर बसून केलेले बोलणे ही साधने साधी आहेत. ती वेळीच वापरली, तर बहुतेक प्रकरणे न्यायालयाच्या पायरीपर्यंत जाणार नाहीत.