ज्याचें बीं राखून ठेवितां येत नाहीं असें अरण्य

शेतकऱ्याचा सारा भरंवसा राखून ठेविलेल्या बियाण्यावर असतो. एखादें साल बुडालें तरी राख व कडुनिंबाचा पाला घालून कणगींत ठेविलेलें बीं पुढच्या पेरणीस उपयोगी पडतें. परंतु आशिया खंडाच्या आग्नेय भागांत, म्हणजे मलाया, सुमात्रा, बोर्निओ व फिलिपाईन बेटांत, सखल प्रदेशांतील पावसाळी अरण्यें ज्या एका वृक्षकुळाच्या झाडांनीं मुख्यतः बनलेलीं आहेत, त्या कुळांतील बहुतेक झाडांचें बीं पडल्यापासून आठपंधरा दिवसांत रुजलें तर रुजलें, नाहीं तर मेलें. तें वाळविलें तरी मरतें व फार थंडींत ठेविलें तरी मरतें. शिवाय तें दरवर्षीं येतहि नाहीं. असें असतां तें अरण्य इतका काळ कसें टिकलें, आणि गेल्या पन्नास-साठ वर्षांत तें कशानें मोडत चाललें, हा विषय बियाण्याची किंमत जाणणाऱ्या वाचकांस विचार करण्याजोगा वाटेल म्हणून त्याची हकीकत येथें देत आहें.

या कुळास शास्त्रज्ञ डिप्टेरोकार्प म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘दोन पंखांचें फळ’ असा आहे; मात्र कांहीं जातींच्या फळांस तीन, तर कांहींस पांचहि पंख असतात. आशियांत या कुळाच्या साडेचारशेंहून अधिक जाति आहेत व त्यांपैकीं सुमारें २७० एकट्या बोर्निओ बेटांत सांपडतात. हें कुळ आपणांस परकें आहे असें मात्र कोणीं समजूं नये. मंडला व बालाघाट या जिल्ह्यांतील सालवृक्ष याच कुळांतला (साल, सालई नव्हे, सालई निराळी), व त्याच्याच लांकडावरून आपल्या आगगाड्या अनेक वर्षें धांवल्या. धुपांत घालावयाची राळ सालाची. देवापुढें जाळला जाणारा अस्सल भीमसेनी कापूर हा सुमात्रा-बोर्निओंतील याच कुळाच्या एका झाडाच्या गाभ्यांतून काढीत. आज त्या नांवाखालीं बहुधा काय विकलें जातें तें दुकानदार जाणे. सुतार ज्याला गर्जन म्हणतात तें लांकूडहि याच कुळांतलें असून, १ एप्रिल २०१४ रोजीं ब्रह्मदेशानें ओंडक्यांची निर्यात बंद करीपर्यंत तें तेथून पुष्कळ येत असे. याहून नवलाची गोष्ट म्हणजे सुरत जिल्ह्यांतील वस्तान येथील खाणींत पांच कोटी वर्षांपूर्वींची जी दगड झालेली राळ निघाली, तीहि याच कुळाच्या झाडांची ठरली आहे.

आतां बहराकडे वळूं. आपल्याकडे संत्र्याच्या बागेस पाण्याचा ताण देऊन मृगबहर धरितात, हें बागाईतदारांस ठाऊक आहेच. बोर्निओंतील अरण्यास असा ताण निसर्गच देतो. तेथें बारमास पाऊस; परंतु दोन वर्षांपासून दहा वर्षांपर्यंत केव्हां तरी कांहीं आठवडे कोरडे जातात व रात्री नेहमींपेक्षां थोड्या अधिक थंड होतात. पुष्कळदां हें एल निनोच्या सालीं घडतें. आपल्याकडे ज्याच्या नांवानें पावसाची धास्ती पडते, तोच हा एल निनो. या इशाऱ्यासरशीं शेंकडों मैलांच्या टापूंत निरनिराळ्या जातींचीं झाडें एकाच मोसमांत फुलूं लागतात. मधल्या वर्षांत त्यांवर जवळजवळ कांहींच नसतें. आमच्या महसुली दप्तरांत आणेवारी काढण्याची रीत होती. ती या अरण्यास लाविली असती तर कांहीं सालें लागोपाठ शून्य व मग एकदम सोळा आणे असाच आकडा लिहावा लागला असता.

या फुलांचें परागीकरण कोण करितो हें ऐकून कांदा व मिरची लावणारांस हंसूं येईल. मलायांतील पासोह येथील अरण्यांत १९८० च्या सुमारास जी पाहणी झाली, तींत मेरांटीच्या कांहीं जातींवर हें काम फुलकिडे करितात असें आढळलें. आपण ज्यांवर फवारे मारतों, त्यांच्याच जातभाईंवर तेथें दीड-दोनशें फूट उंच वृक्षांची वंशवृद्धि अवलंबून आहे! एरव्हीं ते थोडे असतात. फुलें येऊं लागलीं कीं आठवड्या-दीड आठवड्यांत त्यांची नवी पिढी तयार होते. या जाति एकामागून एक अशा क्रमानें फुलतात, म्हणून एकीवर वाढलेले किडे दुसरीच्या कामास येतात. मात्र फळें पिकतात तीं जवळजवळ एकाच वेळीं.

एकाच वेळीं पिकण्यांतच सारें मर्म आहे. हें बीं तेलकट व पौष्टिक असल्यामुळें त्यावर रानडुकरें, खारी, पोपट, सोंडे सारेच तुटून पडतात. दरवर्षीं थोडथोडें बीं आलें असतें तर एकहि दाणा उरला नसता. मध्यें कित्येक वर्षें उपास घडल्यानें खाणारांची संख्या बेताची राहते, व मग अचानक इतकें बीं पडतें कीं सर्वांनीं पोटभर खाऊनहि पुष्कळ शिल्लक राहतें. ज्वारीचें एकच शेत गांवाच्या आधीं हुरड्यावर आलें तर पांखरें त्याचा फडशा पाडितात, परंतु सारें शिवार एकदम आलें तर नुकसान वांटलें जातें. तोच हा न्याय.

फळास पंख असले तरी त्या निवांत हवेंत तें फार दूर जात नाहीं. बहुतेक बीं मूळ झाडापासून शें-दीडशें फुटांच्या आंतच पडतें. तेथें त्याला एक फायदाहि मिळतो. जुन्या झाडाच्या मुळांशीं एक प्रकारची उपकारक बुरशी असते. ती नव्या रोपाच्या मुळांसहि वेढते व मातींतील अन्न मिळवून देते. मग तें रोप सांवलींत हात-दीड हात उंचीचें होऊन वर्षानुवर्षें वाट पाहत उभें राहतें. वर एखादें मोठें झाड कोसळून ऊन आलें म्हणजे झपाट्यानें वाढतें. म्हणजे या अरण्याचें बियाणें कणगींत नसून अशा रोपांच्या रूपानें जमिनीवर उभें असतें. अशाच एका रोपापासून वाढलेलें दानुम खोऱ्यांतील पिवळ्या मेरांटीचें झाड २०१९ सालीं एका माणसानें वर चढून फितीनें मोजलें, तें १००.८ मीटर, म्हणजे सुमारें ३३० फूट भरलें.

आतां बिघाड कोठें झाला तें पाहूं. इंडोनेशियानें १९६७ सालीं वनकायदा केला व त्यानंतर बोर्निओंतील अरण्यांचे मोठमोठे टापू तोडीच्या मक्त्यानें दिले. नियम कागदावर वाईट नव्हते. १९७२ च्या नियमांप्रमाणें साधारणपणें ५० सेंटिमीटरांहून जाड झाडेंच तोडावयाचीं व त्याच जागीं पुन्हा ३५ वर्षांनीं यावयाचें, असें ठरलें होतें. परंतु भरपूर बीं धरितात तीं हींच जाड झाडें. सर्वांत चांगलीं कणसें बियाण्यासाठीं बाजूस काढण्याऐवजीं तींच आधीं बाजारांत पाठवावीं, असाच तो व्यवहार झाला. शिवाय पुष्कळ ठिकाणीं ३५ वर्षें वाट पाहण्याइतका धीर कोणींच धरिला नाहीं.

याचा परिणाम लिसा करन या अमेरिकन विदुषींनीं पश्चिम बोर्निओंतील गुनुंग पालुंग राष्ट्रीय उद्यानांत प्रत्यक्ष पाहिला. १९८६ ते १९९९ पर्यंत त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं तेथें पन्नासाहून अधिक जातींच्या बियांची नोंद ठेविली. बहर दर तीन-चार वर्षांनीं एल निनोबरोबर येई व सारें बीं एक-दोन महिन्यांत पडे. १९९१ च्या बहरानंतर मात्र नवीं रोपें टिकेनाशीं झालीं. उद्यानांत कुऱ्हाड लागली नव्हती; भोंवतालचें अरण्य तुटलें होतें. बहराचा विस्तार आंखडला, आणि बाहेरचीं भुकेलीं जनावरें उरलेल्या बियांवर येऊन पडलीं. १९९८ च्या बहराची तीच गत झाली. कुंपण शाबूत आहे, आंत उंच झाडें उभीं आहेत, आणि तरी खालीं पुढची पिढी नाहीं! वरवर पाहणाराला हें कळणारहि नाहीं. पुढें त्याच संशोधकांनीं दाखविलें कीं १९८५ ते २००१ या काळांत कालिमांतानांतील (इंडोनेशियाच्या ताब्यांतील बोर्निओंतील) संरक्षित म्हणविलेल्या सखल अरण्यांपैकीं निम्म्याहून अधिक नाहींशीं झालीं.

तोडलेल्या पुष्कळ जागीं आज तेलताडाच्या बागा आहेत. त्यांच्या तेलाचा जगांतील सर्वांत मोठा आयातदार आपलाच देश आहे, व आमच्या भुईमूग-करडईच्या भावाची रड पुष्कळ अंशीं याच आयातीशीं जोडलेली आहे. त्या हिशेबाचा लेख निराळा लिहावा लागेल.

पुन्हा लागवडीचे प्रयत्नहि चालू आहेत. मलेशियाच्या साबा प्रांतांत, वर सांगितलेल्या दानुम खोऱ्याजवळ, तोडलेल्या अरण्यांत १९९२ पासून या कुळाचीं रोपें ओळीनें लाविलीं जात आहेत, व तेथें रान नुसतें सोडून दिलेल्या जागेपेक्षां लौकर भरून येतें असें पाहणींत आढळलें आहे. अडचण एकच, बियाण्याची. बहर येईल त्या सालीं पडलेलें बीं तातडीनें गोळा करून, तें ओलें असतांनाच रोपवाटिकेंत लावून घ्यावें लागतें. दोन बहरांच्या मधल्या काळांत अरण्यांतील लहान रोपें मुळासकट उपटून आणून किंवा फांद्यांचीं कलमें लावून काम चालवितात. आणि जीं झाडें आज लाविलीं त्यांच्यावर पहिला बहर यावयास कित्येक दशकें लोटावीं लागतील.