विज्ञान लोकांपर्यंत पोहोचवताना : पांढुर्णा-सौंसर परिसरासाठी एक धडा

प्रस्तावना

वैज्ञानिक ज्ञान सामान्य माणसाला समजेल आणि वापरता येईल अशा रूपात पोहोचवणे म्हणजे विज्ञानसंवाद होय. २८ फेब्रुवारीचा विज्ञान दिन आणि प्रदर्शने एवढ्यापुरता तो मर्यादित नाही. प्रस्तुत लेखात आपल्याच परिसरातील एका दुःखद घटनेच्या आधारे त्याचा विचार केला आहे.

घटना

सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये छिंदवाडा, बैतूल व पांढुर्णा या जिल्ह्यांतील वीसहून अधिक बालके खोकल्याचे 'कोल्ड्रिफ' औषध घेतल्यानंतर मूत्रपिंडे निकामी होऊन दगावली. अनेकांवर नागपुरात उपचार झाले. तामिळनाडूतील तपासणीत या औषधात ४८.६ टक्के डायइथिलीन ग्लायकॉल आढळले. स्वीकार्य मर्यादा ०.१ टक्का आहे. ४ ऑक्टोबर २०२५ रोजी मध्य प्रदेशात त्याच्या विक्रीवर बंदी आली.

जुनेच ज्ञान

हे रसायन घट्टसर, गोड आणि स्वस्त असते. कारखान्यांत ते द्रावक म्हणून वापरतात. पोटात गेल्यावर यकृतात त्याचे विघटन होऊन तयार होणारे आम्ल मूत्रपिंडाच्या पेशी नष्ट करते. १९३७ साली अमेरिकेत यामुळे शंभराहून अधिक माणसे दगावली. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात दूषित ग्लिसरीनमुळे १४ रुग्णांचा मृत्यू झाला व न्या. लेंटिन आयोग नेमला गेला. म्हणजे ज्ञान ग्रंथांत होते, घरांत नव्हते.

शिक्षकांचे कार्य

पहिली बाब भाषेची. आपल्याकडे असंख्य घरांत मराठी बोलतात, कचेरीचा कारभार हिंदीत चालतो आणि बाटलीवरील मजकूर इंग्रजीत असतो. 'रीनल फेल्युअर' म्हटल्याने आईला काही उमगत नाही. 'लेकराची लघवी कमी झाली, उलट्या होताहेत, तर ताबडतोब मोठ्या दवाखान्यात न्या' हे उमगते.

दुसरी बाब मापाची. ४८.६ टक्के हा आकडा परका वाटतो. पाच मिलीलिटरच्या एका चमच्यात सुमारे अडीच ग्रॅम विष, असे सांगितले की तो कळतो.

तिसरी बाब कृतीची. केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाच्या ३ ऑक्टोबर २०२५ च्या सूचनेनुसार दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊ नयेत. पाच वर्षांखालील मुलांनाही ती सहसा देऊ नयेत. बहुतेक खोकला आपोआप बरा होतो. विद्यार्थ्यांनी हे आपापल्या घरी व मोहल्ल्यात सांगावे.

येथे एक सावधगिरी हवी. चव घेऊन किंवा बाटली पाहून हे विष ओळखता येत नाही. डॉक्टरांनी लिहून दिलेले औषध पाजणाऱ्या आईबापांना दोष देणे अन्यायाचे ठरेल. शुद्धतेची जबाबदारी उत्पादकाची व तपासणी यंत्रणेची आहे, हेही लोकांना सांगणे विज्ञानसंवादातच मोडते.

निष्कर्ष

माहिती छापली म्हणजे ती पोहोचली असे नाही. ऐकणाऱ्याने ती आपल्या शब्दांत परत सांगितली, तरच ती पोहोचली असे समजावे. वर्गात रोज वापरली जाणारी ही कसोटी शिक्षकांनी वर्गाबाहेरही वापरावी.