पाच लिटरचा हिशेब

स्पेनचा सायकलपटू मिगेल इंदुराइन याने १९९१ ते १९९५ अशी सलग पाच वर्षं तूर द फ्रान्स जिंकली. विश्रांतीत त्याची नाडी मिनिटाला अवघी २८ पडे, असं सांगितलं जातं. सर्वसाधारण प्रौढाची ६० ते १०० पडते.

आडवं पडलेल्या शरीराला मिनिटाला साधारण पाच लिटर रक्त लागतं. नियमित व्यायाम करणाऱ्यालाही विश्रांतीत तेवढंच. हृदय एका ठोक्यात ७० मिलिलिटर रक्त ढकलत असेल, तर सत्तरएक ठोके हवेत. १०० मिलिलिटर ढकललं, तर ५० पुरतात.

ही ताकद येते नियमित पळणं, पोहणं, सायकल चालवणं यांतून. आधी रक्तातला द्रव वाढतो, हृदय जास्त भरतं. पुढे महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षं सराव चालू राहिला की डाव्या जवनिकेची, म्हणजे शरीरभर रक्त ढकलणाऱ्या कप्प्याची, पोकळीही मोठी होते. स्वीडनच्या हेन्शन या डॉक्टरांनी १८९९ मध्ये बर्फावरच्या शर्यतपटूंच्या छातीवर बोटांनी ठोकून, आवाजावरून हृदयाचा आकार ताडला होता. तो मोठा निघाला!

ठोके मंदावतात कसे, यावर मात्र अजून वाद आहे. हृदयाला आवरणाऱ्या व्हेगस नसेचा जोर वाढतो, हे जुनं उत्तर. मँचेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये व्यायाम दिलेल्या उंदरांत नसांचा प्रभाव औषधाने थांबवला, तरी ठोके मंदच राहिले. ठोका जिथे उमटतो त्या पेशीच बदलल्या होत्या.

उलटा प्रयोग अमेरिकेत डॅलसला झाला. १९६६ मध्ये विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणाला खिळवून ठेवलं. एका ठोक्यातलं रक्त घटलं, नाडी वाढली, दम कमी झाला. तीस वर्षांनी त्याच पाच जणांची पुन्हा तपासणी झाली, तेव्हा दिसलं की वाढत्या वयाच्या तीस वर्षांनी त्यांची क्षमता जेवढी घटवली, त्याहून जास्त त्या तीन आठवड्यांनी घटवली होती. पन्नाशीत सहा महिने हळूहळू वाढवत नेलेल्या व्यायामाने त्यांनी ती बरीचशी परत मिळवली.

घरी मोजायचं तर सकाळी उठण्यापूर्वी, अंथरुणातच. अंगठ्याच्या मुळाशी मनगटावर दोन बोटं ठेवून पूर्ण मिनिट. सामान्य माणसात काही महिन्यांत फरक पडतो तो थोड्याच ठोक्यांचा, पण तो खरा असतो. व्यायाम नसताना नाडी फार मंद पडत असेल किंवा सोबत चक्कर येत असेल, तर डॉक्टरांना दाखवावं. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी आणि थायरॉईड मंदावल्यानेही तसं होतं.